विश्लेषण : ‘बिग बॉस’चे घर सुटल्यावर पुढे काय? रिॲलिटी शोमधली प्रसिद्धी इन्फ्लुएन्सर म्हणून टिकवता येते का?

रिॲलिटी शोचा विजेता ठरतो, फटाके वाजतात, गावात मिरवणूक निघते, मोबाइलवर फॉलोअर्सचा आकडा तासातासाला वाढतो. काही महिन्यांनी पुढच्या पर्वाची जाहिरात सुरू होते आणि नवे चेहरे येतात. मग आधीच्या स्पर्धकांपैकी काही जण विस्मरणात जातात, तर काही जण त्याच ओळखीवर वर्षानुवर्षे काम करत राहतात. हा फरक कशामुळे पडतो? पैसा नेमका कुठून येतो आणि किती हातात पडतो? करार, कर आणि जाहिरातीचे नियम काय सांगतात?

प्रसिद्धी इतक्या लवकर का ओसरते?

‘बिग बॉस मराठी’चे पाचवे पर्व २८ जुलै २०२४ रोजी सुरू झाले आणि ६ ऑक्टोबरला संपले. म्हणजे ७० दिवस स्पर्धक रोज रात्री घराघरात दिसत होते. त्यांचे भांडण, रडणे, जेवण बनवणे, झोपणे हे सगळे प्रेक्षकांनी पाहिले. सामान्य इन्फ्लुएन्सरला लोकांशी एवढी ओळख करून घ्यायला अनेक वर्षे लागतात. पण ही ओळख कार्यक्रमाने दिलेली असते. कॅमेरे, संकलन, संगीत, वाद निर्माण करणारे टास्क आणि शनिवार-रविवारची सूत्रसंचालकाची शाळा हे सगळे वाहिनीचे असते. घराबाहेर पडल्यावर स्पर्धकाच्या हातात उरतो तो फक्त त्याचा मोबाइल.

दुसरे कारण समाजमाध्यमांच्या रचनेत आहे. पूर्वी आपण ज्याला फॉलो करतो त्याचीच पोस्ट दिसायची. आता रील्स आणि शॉर्ट्समध्ये अल्गोरिदम अनोळखी लोकांचे व्हिडीओही पुढे आणतो. प्रेक्षक कुठे थांबला, काय पुन्हा पाहिले, काय दुसऱ्याला पाठवले यावर पुढचे ठरते. त्यामुळे शोच्या काळात मिळालेले लाखो फॉलोअर्स पुढच्या प्रत्येक व्हिडीओला प्रेक्षक मिळण्याची हमी देत नाहीत. ज्यांनी भांडणे पाहण्यासाठी फॉलो केले, ते केसांच्या तेलाची जाहिरात पाहायला थांबतीलच असे नाही.

शो जिंकणे आवश्यक असते का?

नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे उर्फी जावेद. २०२१ मध्ये ‘बिग बॉस ओटीटी’च्या पहिल्या पर्वातून सर्वात आधी बाहेर पडलेली स्पर्धक तीच होती. मात्र त्यानंतर विचित्र, स्वतः कल्पिलेल्या कपड्यांमधून तिने स्वतःची अशी ओळख तयार केली, जी तिच्याआधी त्या जागी कोणाचीच नव्हती. २०२४ मध्ये तिच्यावर ‘फॉलो कर लो यार’ ही मालिका आली आणि २०२५ मध्ये ‘द ट्रेटर्स’च्या भारतीय आवृत्तीच्या दोन विजेत्यांपैकी ती एक ठरली. तिच्या कपड्यांवर टीका करणारेही भरपूर आहेत, पण तिचा विषय कोणता हे त्यांनाही सांगता येते.

ब्रिटनमध्ये मॉली-मे हेग ही २०१९ च्या ‘लव्ह आयलंड’ची उपविजेती. २०२१ मध्ये ती ‘प्रिटीलिटलथिंग’ या कपड्यांच्या ब्रँडची क्रिएटिव्ह डायरेक्टर झाली आणि २०२४ मध्ये तिने ‘मेबी’ हा स्वतःचा कपड्यांचा ब्रँड सुरू केला. दुसऱ्याची जाहिरात, मग दुसऱ्याच्या कंपनीत पद, मग स्वतःची कंपनी अशा तीन पायऱ्या तिने पाच वर्षांत चढल्या. त्या वर्षी शो कोणी जिंकला हे आज अनेकांना आठवणारही नाही.

आधीपासून ओळख असणाऱ्यांचे काय होते?

त्यांचा पाया अधिक पक्का असतो. ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात अंकिता प्रभू वालावलकर आणि धनंजय पोवार हे दोघे अंतिम टप्प्यापर्यंत पोहोचले. ‘कोकण हार्टेड गर्ल’ ही अंकिताची ओळख घरात जाण्याच्या आधीची आहे. मालवणी बोली, कोकणातली माणसे आणि तिथले जगणे हा तिचा विषय होता. इचलकरंजीच्या ‘डीपी दादां’चे आई-वडिलांसोबतचे विनोदी व्हिडीओही आधीच घरोघरी पोहोचले होते आणि कुटुंबाचा फर्निचरचा व्यवसायही होता. शोमुळे त्यांचा प्रेक्षक वाढला, पण विषय नव्याने शोधावा लागला नाही. शो संपल्यावर पुन्हा त्याच अंगणात परत येता येणे ही मोठी सोय असते. केवळ शोमधून ओळख मिळालेल्याला मात्र ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर बाहेर आल्यावर शोधावे लागते, आणि तेही घड्याळ चालू असताना.

सूरज चव्हाणच्या प्रवासातून काय दिसते?

बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण टिकटॉकवरून पुढे आला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली आणि एका रात्रीत अनेक ग्रामीण कलाकारांचे खाते, फॉलोअर्स आणि कमाई संपली. सूरज इतर माध्यमांवर टिकून राहिला, २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’त गेला आणि विजेता ठरला. अभिजीत सावंत आणि निक्की तांबोळी यांच्यासारखी दूरचित्रवाणीवर मुरलेली मंडळी समोर असताना, घरच्या गरिबीतून आलेल्या या तरुणाला प्रेक्षकांनी भरभरून मते दिली.

अंतिम सोहळ्यातच दिग्दर्शक केदार शिंदे यांनी त्याला घेऊन चित्रपट करण्याची घोषणा केली. ‘झापुक झुपूक’ हा तो चित्रपट २५ एप्रिल २०२५ रोजी प्रदर्शित झाला, पण तिकीटबारीवर त्याला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. मोबाइलवरून फुकटात मत देणे आणि खिशातले पैसे खर्चून चित्रपटगृहात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेम खरे असले तरी ते आपोआप तिकिटात, विक्रीत किंवा वर्गणीत बदलत नाही. जाहिरातदारही हाच हिशेब करतात. किती जणांनी पाहिले याबरोबरच पाहून किती जणांनी काही केले, हे त्यांना हवे असते.

एका शोमधून दुसऱ्या शोमध्ये जाणे हा मार्ग टिकाऊ आहे का?

काहींनी तो यशस्वी करून दाखवला आहे. अमरावतीचा शिव ठाकरे २०१७ मध्ये ‘रोडीज’मध्ये दिसला, २०१९ मध्ये ‘बिग बॉस मराठी’चे दुसरे पर्व जिंकला, फेब्रुवारी २०२३ मध्ये संपलेल्या हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन याच्यानंतर दुसरा आला. मग ‘खतरों के खिलाडी’ आणि ‘झलक दिखला जा’ हे शो झाले. निक्की तांबोळीचाही प्रवास असाच आहे. हिंदी ‘बिग बॉस’, ‘खतरों के खिलाडी’, मराठी ‘बिग बॉस’ आणि २०२५ मध्ये ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’चे उपविजेतेपद.

या मार्गाचा फायदा असा की प्रत्येक शो नवा प्रेक्षक देतो. मराठीतून हिंदीत गेल्यावर बाजारपेठ आणि मानधन दोन्ही वाढू शकतात. तोटा असा की पुढचे काम दुसऱ्याच्या हातात राहते. वाहिनीने बोलावले नाही तर थांबावे लागते. म्हणून शो सुरू असतानाच स्वतःचे काहीतरी उभे करणे महत्त्वाचे ठरते. शिव ठाकरेने चहा-नाश्त्याच्या व्यवसायात पाऊल टाकले, ते याच दिशेने.

कलेचा आधार असेल तर फरक पडतो का?

नक्कीच पडतो. अभिजीत सावंत मार्च २००५ मध्ये ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता ठरला, तेव्हा यूट्यूबवर पहिला व्हिडीओही यायचा होता आणि इन्स्टाग्राम पाच वर्षे दूर होते. प्रसिद्धीची लाट ओसरल्यावर त्याने चढउतार पाहिले, पण गाणे हातात होते. जवळपास २० वर्षांनी तो ‘बिग बॉस मराठी’त गेला आणि उपविजेता ठरला. नव्या पिढीला तो नव्याने माहीत झाला.

‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या २००८-०९ च्या मराठी पर्वातील कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही पाच मुले आजही गात आहेत. २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात ते पाचही जण परीक्षकांच्या खुर्चीत बसले. शोने त्यांना व्यासपीठ दिले, पण पुढे रियाज आणि मैफली त्यांच्या त्यांनाच कराव्या लागल्या. ज्या स्पर्धकाकडे गाणे, अभिनय, स्वयंपाक, शेती, शिवणकाम, विनोद असे काही आधीपासून आहे, त्याला रोज नवा वाद घालून चर्चेत राहावे लागत नाही.

पैसा नेमका कुठून येतो?

लाखो व्ह्यूज म्हणजे लाखो रुपये, हा मोठा गैरसमज आहे. यूट्यूबवर जाहिरातीतून वाटा मिळवण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज ही अट आहे. त्यानंतर मोठ्या व्हिडीओवरील जाहिरात उत्पन्नाचा ५५ टक्के, तर शॉर्ट्समधील वाट्याच्या ४५ टक्के हिस्सा निर्मात्याला मिळतो. इन्स्टाग्रामवर मुख्य कमाई व्ह्यूजमधून नव्हे, तर ब्रँडच्या जाहिरातींतून होते.

तिसरा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष हजेरी. दहीहंडी, गणेशोत्सव, दुकानाचे उद्घाटन, कॉलेजचा कार्यक्रम, निवडणुकीच्या काळातील सभा. आयोजकांच्या भाषेत याला ‘सुपारी’ म्हणतात. शो संपल्यानंतरच्या काही महिन्यांत सुपाऱ्यांची रांग लागते आणि हा पैसा रोख, झटपट दिसतो. मात्र तो सर्वात आधी आटतो, कारण पुढच्या वर्षी मंडळाला नवा चेहरा हवा असतो. चौथा मार्ग म्हणजे स्वतःचे उत्पादन किंवा सेवा. मसाले, साड्या, होमस्टे, क्लास, पॉडकास्ट असे काहीही. त्यात सुरुवातीला पैसा घालावा लागतो, पण मालकी आपली राहते.

बक्षिसाच्या रकमेतले हातात किती पडते?

दूरचित्रवाणीवरील अशा खेळांतील जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने कर लागतो आणि त्यावर चार टक्के उपकर. एकूण ३१.२ टक्के. ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाच्या विजेत्याची रक्कम १४ लाख ६० हजार रुपये होती. या दराने साधारण ४ लाख ५५ हजार रुपये करात जातात आणि हातात सुमारे १० लाख पाच हजार उरतात. या उत्पन्नातून खर्चाची वजावट मिळत नाही.

भेटवस्तूही फुकट नसतात. १ जुलै २०२२ पासून व्यवसायाच्या ओघात मिळालेल्या लाभाचे मूल्य वर्षाला २० हजार रुपयांपेक्षा अधिक असेल, तर देणाऱ्याला त्यावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. समजा, कंपनीने ६० हजारांचा मोबाइल रीलसाठी दिला आणि तो इन्फ्लुएन्सरने ठेवून घेतला, तर सहा हजारांचा कर आला. वापरून परत केला, तर तो लाभ धरला जात नाही. शिवाय सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी आणि जाहिरात सेवेवर १८ टक्के कर हेही आले. पहिल्या वर्षी सगळी रक्कम गाडी आणि घराच्या हप्त्यांत अडकवली, तर कराची नोटीस दुसऱ्या वर्षी येते. नेमकी तेव्हा, जेव्हा सुपाऱ्या कमी झालेल्या असतात.

करार करताना काय पाहावे?

शो संपताच व्यवस्थापन संस्था, ब्रँड आणि ओळखीपाळखीचे ‘मॅनेजर’ भेटायला येतात. घाईत केलेली सही नंतर महागात पडू शकते. काही गोष्टी आधी विचारून घेणे शहाणपणाचे असते. करार किती वर्षांचा आहे? संस्थेचा वाटा किती टक्के आणि तो फक्त तिने आणलेल्या कामावर, की सगळ्याच कमाईवर? दुसऱ्या ब्रँडसाठी काम करण्यास मनाई किती दिवस? चेहरा आणि व्हिडीओ ब्रँडला किती काळ, कोणकोणत्या माध्यमांत वापरता येईल? पैसे पोस्ट टाकल्यापासून किती दिवसांत मिळतील? खात्याचा पासवर्ड आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक कोणाकडे राहील?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण खाते हेच दुकान असेल तर त्याची किल्ली दुसऱ्याकडे देणे धोक्याचेच. करार इंग्रजीत असेल आणि समजत नसेल, तर वकिलाची फी ही त्या वेळची सर्वात स्वस्त गुंतवणूक ठरते.

जाहिरात करताना कोणते नियम पाळावे लागतात?

जाहिरात मानक परिषद अर्थात ‘ॲस्की’ची इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ पासून लागू आहेत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानेही सूचना जाहीर केल्या. पैसे, मोफत वस्तू, सहल, सवलत यांपैकी काहीही घेतले असेल तर ती जाहिरात आहे हे प्रेक्षकाला सहज दिसेल आणि समजेल अशा पद्धतीने सांगावे लागते. हॅशटॅगच्या गर्दीत एक शब्द लपवणे पुरेसे नाही. व्हिडीओत ते दृश्यात आणि आवाजातही हवे. जी वस्तू स्वतः वापरली नाही तिची शिफारस करू नये, अशीही अपेक्षा आहे.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करण्यावर एक वर्ष, पुढे तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. नव्या चेहऱ्यांना सर्वात आधी आणि सर्वात घसघशीत रक्कम देऊ करणाऱ्यांत अशा ॲप्सचा भरणा असायचा, हे लक्षात घेतले तर या तरतुदीचे महत्त्व कळते. प्रश्न केवळ दंडाचा नाही. आपल्या गावचा पोरगा म्हणून ज्याला मत दिले, त्याच्या सांगण्यावरून कोणी पैसे गमावले, तर तो प्रेक्षक परत येत नाही.

मानसिक ताणाचा विचार होतो का?

घरात स्पर्धकाकडे मोबाइल नसतो. बाहेर आल्यावर त्याला एकाच वेळी हजारो कौतुकाचे आणि शिव्यांचे संदेश दिसतात. ‘लव्ह आयलंड’मधील दोन माजी स्पर्धकांच्या २०१८ आणि २०१९ मधील मृत्यूंनंतर ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर मोठी टीका झाली. त्यानंतर वाहिनीने स्पर्धकांना किमान आठ समुपदेशन सत्रे, बाहेर पडल्यावर १४ महिने संपर्क, तसेच समाजमाध्यमांवरील टीका आणि पैशांचे व्यवस्थापन यांचे प्रशिक्षण देण्याचे धोरण आखले. २०२३ पासून स्पर्धक घरात असताना त्यांची खाती कुटुंबीयांनी चालवू नयेत, असा नियमही केला. प्रसिद्धीनंतरची काळजी हा निर्मात्यांच्याही जबाबदारीचा भाग आहे, हे तिथे अशा पद्धतीने मान्य झाले. आपल्याकडे मात्र स्पर्धकाला बऱ्याचदा घरच्यांवर आणि मित्रांवरच विसंबावे लागते.

मग शेवटी टिकते कोण?

आतापर्यंतच्या उदाहरणांत काही गोष्टी समान दिसतात. टिकलेल्यांना एका वाक्यात सांगता येईल असा विषय आहे. शोमधल्या ‘कॅरेक्टर’वर ते फार काळ अवलंबून राहिले नाहीत. त्यांचा प्रेक्षक एकाच ॲपवर अडकलेला नाही. टिकटॉकची बंदी पाहिलेल्या मराठी तरुणांना याचे कारण वेगळे सांगायला नको. आणि पहिल्या वर्षाचा पैसा त्यांनी कौशल्यात, सामग्रीत किंवा छोट्या व्यवसायात घातला.

ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक मुलांना आज मोबाइल आणि रिॲलिटी शो हाच झटपट वर येण्याचा रस्ता वाटतो. तो रस्ता खरा आहे, सूरज आणि शिव यांनी तो चालून दाखवला आहे. मात्र शो फक्त दार उघडतो. आत गेल्यावर बसायला जागा, कामाची शिस्त, हिशेबाची वही आणि ‘नाही’ म्हणण्याची सवय ज्याची त्यालाच आणावी लागते. मते एका रात्रीत मोजली जातात. विश्वास मात्र दर आठवड्याला, प्रत्येक व्हिडीओगणिक मोजला जातो.